पगारी गोलंदाज : बाळू पालवणकर

क्रिकेटची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या तोंडी आधी फलंदाजांची नावे येतात. शतक कोणी काढले, द्विशतक कोणी काढले, हे शाळेतल्या लहान मुलांनाही पाठ असते. त्या शतकवीराला सरावाच्या जाळ्यात दिवसचे दिवस चेंडू टाकून तयार करणारा माणूस कोण होता, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज ज्यांची हकिगत मी आपणांस सांगणार आहे, ते अशा चेंडू टाकणाऱ्यांपैकीच एक. पुण्याच्या एका साहेबी क्लबात दरमहा चार रुपये पगारावर त्यांनी हे काम केले, आणि पुढे १९११ साली इंग्लंडच्या मैदानांवर एकाच उन्हाळ्यात शंभराहून अधिक बळी मिळवले. त्यांचे नाव बाळू पालवणकर. त्या काळच्या धावफलकांवर हे नाव ‘पी. बाळू’ असे लिहिलेले आढळते.

त्यांची कारकीर्द समजावी म्हणून प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘धंदेवाईक खेळाडू’. आज हा शब्द ऐकून कोणाला काही वावगे वाटत नाही. पूर्वी तसे नव्हते. इंग्लंडात क्रिकेट खेळणाऱ्यांचे दोन वर्ग असत. घरची सुबत्ता असल्यामुळे जो हौसेने खेळे तो ‘सद्गृहस्थ’. खेळून जो पोट भरी तो नुसता ‘खेळाडू’. दोघे एकाच संघातून खेळत; परंतु कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या, आणि कित्येक मैदानांवर आत येण्याची दारेही निराळी. धावा काढण्याचा मान बहुधा हौशी मंडळींचा आणि उन्हातान्हात षटकामागून षटक टाकण्याचे कष्ट बहुधा पगारी मंडळींचे, अशी वाटणी पडून गेली होती. कप्तानपद हौशी माणसाकडेच जावयाचे, हा तर जणू नियमच होता. विसाव्या शतकात इंग्लंडच्या संघाचे नेतृत्व एका धंदेवाईक खेळाडूकडे, लेन हटन यांच्याकडे, प्रथम आले ते १९५२ साली. आणि हा भेद कागदोपत्री रद्द झाला तो १९६२ च्या अखेरीस.

इंग्रज लोक हा खेळ घेऊन आपल्या देशात आले, तेव्हा ही वाटणीही त्यांच्याबरोबर आली. येथे तिला एक फार जुनी वाटणी येऊन मिळाली, ती जातीची. बाळू पालवणकर यांच्या आयुष्यात ह्या दोन्ही वाटण्या एकत्र आल्या होत्या. ते पगारी होते, आणि त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजात जन्मले होते.

त्यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते. कुटुंब पुण्यास आले आणि लष्करी छावणीच्या परिसरात बाळू व त्यांचे धाकटे भाऊ वाढले. गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या चेंडू-फळीवर ही मुले खेळावयास शिकली. शिक्षण फार झाले नाही; घरच्या गरिबीमुळे लहान वयातच नोकरी पत्करावी लागली. पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेटपटूंच्या मैदानावर मिळाली. झाडलोट करावयाची, खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा आणि कधीमधी सभासदांना चेंडू टाकावयाचे. पगार दरमहा तीन रुपये. सुमारे १८९२ साली ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगारात एका रुपयाची वाढ झाली. कामे होती तीच, शिवाय जाळी उभारणे, खेळपट्टीवर व टेनिसच्या आवारात चुन्याच्या रेघा मारणे ही आणखी.

या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे एक अधिकारी होते. हिंदुस्थानात त्या काळी खेळणाऱ्या इंग्रज फलंदाजांत ते फार वरच्या दर्जाचे समजले जात. इंग्लंडात ते हॅम्पशायर परगण्याकडून खेळले, आणि उत्तरायुष्यात लष्कराचा वेष उतरवून कॅथलिक धर्मगुरू झाले. त्यांना सरावाची विलक्षण आवड होती. इतर मंडळी येण्यापूर्वीच ते मैदानावर येत आणि बाळूंना चेंडू टाकावयास लावीत. बाळूंनी त्यांना बाद केले की ते प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देत, अशी हकिगत सांगितली जाते. ती खरी धरली, तर महिन्याच्या पगाराइतकी रक्कम आठ बळींत सुटत असली पाहिजे.

आता या सरावातून काय घडले, ते थोडे बारकाईने पाहू. बाळू हे डाव्या हाताने संथ गतीने चेंडू टाकणारे गोलंदाज. अशा गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यावर सामान्यतः उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर वळतो. फलंदाज पुढे येऊन मारावयास गेला की चेंडू फळीच्या कडेला निसटता लागतो, किंवा फळी चुकवून जातो आणि मागे यष्टीरक्षक त्याला यष्टिचीत करतो. परंतु एकच चेंडू पुन्हा पुन्हा टाकला तर चांगला फलंदाज तो ओळखतो. म्हणून टप्पा कधी एक हात आखूड, कधी एक हात पुढे; वेग किंचित कमी, किंचित अधिक; हात कधी यष्टीच्या जवळून, कधी रेषेच्या टोकावरून; मध्येच एखादा चेंडू उलट आत येणारा, असे पालट करावे लागतात. हे पालट पुस्तकातून शिकता येत नाहीत. समोर उत्तम फलंदाज असावा, त्याने आपली प्रत्येक चूक फटक्याने दाखवून द्यावी, आणि हे शेकडो तास चालावे, तेव्हा ते हातात बसतात. ग्रेग साहेबांना वाटत असेल की सराव आपला चालला आहे. त्याच जाळ्यात गोलंदाजाचाही सराव होत होता, आणि त्याबद्दल महिन्याकाठी चार रुपये बाळूंनाच मिळत होते.

एक गोष्ट मात्र त्या जाळ्यात कधी घडली नाही. इतकी वर्षे चेंडू टाकूनही क्लबात आपल्या हाती फळी एकदाही दिली गेली नाही, असे बाळू पुढे आपल्या मुलाला सांगत. फलंदाजी हा मालकाचा अधिकार आणि गोलंदाजी ही नोकराची चाकरी, हा विचार तेथे इतका मुरलेला होता.

पुण्यात हिंदूंचाही एक संघ होता, आणि साहेबांच्या संघाला हरवावे ही त्याची मोठी आकांक्षा. बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती कानी आल्यावर या संघापुढे पेच पडला. त्यांना संघात घ्यावे असे काहींचे म्हणणे. विटाळ होईल म्हणून काहींचा विरोध. अखेर जिंकण्याच्या इच्छेने विटाळाच्या भीतीवर मात केली आणि बाळू संघात आले. पण कसे आले? मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावयाचा. बाळूंनी टाकलेला चेंडू ब्राह्मण यष्टीरक्षकाने झेलावयाचा, तोच चेंडू परत त्यांच्या हाती द्यावयाचा. त्यात कोणास विटाळ नाही. चहाची वेळ झाली की मात्र इतर खेळाडू मंडपात बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या फेकून द्यावयाच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पान वेगळे. हातपाय धुवावयाचे झाल्यास पाणी घालण्यासाठीही त्यांच्याच समाजातील नोकर. चेंडू चालतो आणि पेला चालत नाही, हा न्याय त्या वेळी पुष्कळांना अगदी स्वाभाविक वाटत होता.

हळूहळू हे नियम सैल झाले. पुणे-साताऱ्याकडच्या सामन्यांत बाळूंनी साहेबांचे संघ गारद केले, आणि जनतेत त्यांचे कौतुक होऊ लागले. न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीर समारंभात त्यांचा गौरव केला, असे सांगतात. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर बसून जेवण्यास काय हरकत आहे, हा प्रश्न सुधारक मंडळी उघडपणे विचारू लागली.

१८९६ साली मुंबई इलाख्यात प्लेगची साथ आली. त्या धामधुमीच्या वर्षांत बाळू मुंबईस आले. काही काळ लष्करात काढल्यावर त्यांना मुंबई-बडोदे-मध्य हिंद रेल्वेत नोकरी मिळाली. ही बी. बी. सी. आय. रेल्वे आपणा सुरत जिल्ह्यातील लोकांच्या घरचीच. आमचे चलथाणचे स्टेशन ज्या तापी व्हॅली मार्गावर आहे, त्यावरच्या गाड्याही हीच कंपनी चालवीत असे. पोटाची चिंता रेल्वेने मिटवली. बाळू रेल्वेच्या संघातून खेळू लागले, आणि मुंबईच्या हिंदू जिमखान्यानेही त्यांना आपल्या संघात घेतले. त्यांच्या मागोमाग शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे भाऊही पुढे आले. एकाच कुटुंबातील चार भाऊ वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये चमकावेत, हे दृश्य आजही विरळाच.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू आणि युरोपियन यांचा मोठा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या; युरोपियनांना १९१ आणि १०२ धावांत गुंडाळले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळू आणि शिवराम हे दोघेही भाऊ त्या संघात होते आणि विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राला ह्या विजयापेक्षाही अधिक महत्त्वाचे वाटले ते हे, की तो मिळवण्यासाठी हिंदूंनी आपल्यातील एक दुष्ट रूढी बाजूस सारली होती.

यानंतर पाच वर्षांनी, १९११ साली, सर्व हिंदुस्थानचा म्हणून पहिला संघ इंग्लंडला गेला. हिंदू, पारशी, मुसलमान असे सर्व धर्मांचे खेळाडू त्यात होते. कप्तान पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीच्या घरात. खांदाही दुखत होता. एकंदर २३ सामने झाले; त्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले आणि २ अनिर्णित राहिले. अशा हरणाऱ्या संघात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, दर बळीस १८.८४ धावा देऊन. यांतील ७५ बळी प्रथम दर्जाच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. बंधू शिवराम यांनी सॉमरसेटविरुद्ध नाबाद ११३ धावा काढून एका गड्याने विजय मिळवून दिला. दौऱ्यात कप्तान महाराज बऱ्याच सामन्यांस हजर नव्हते. चेंडू टाकणारे मात्र प्रत्येक पेठेत लागत होते, आणि तो भार बव्हंशी बाळूंच्या दुखऱ्या खांद्यावर पडला. परत आल्यावर मुंबईस दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी तयार केले होते, असे सांगितले जाते.

प्रथम दर्जाच्या सामन्यांतील त्यांचा एकंदर हिशेब असा : सामने ३३, बळी १७९, दर बळीमागे धावा १५.२१. म्हणजे सामन्याला पाचांहून अधिक बळी. आणि यांतील जवळजवळ सगळे तिशी उलटल्यानंतरचे, हे लक्षात घ्यावे. ज्या वयात गोलंदाजाच्या अंगात उभारी असते, ती वर्षे त्यांनी सरावाच्या जाळ्यांत आणि पुण्याच्या मैदानांवर काढली. त्या बळींची नोंद कोणत्याही कोष्टकात नाही.

आता या कारकीर्दीतील मर्माच्या गोष्टीकडे येतो. इतका अनुभव, इतके यश, आणि सर्वांत ज्येष्ठ खेळाडू. मग हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना का मिळाले नाही? हा प्रश्न त्यांचे चाहते वर्षानुवर्षे विचारीत होते. निवड करणारे दरवर्षी दुसऱ्या कोणास कप्तान करीत. १९१३ साली एम. डी. पै हे कप्तान होते. त्यांच्याच सत्काराच्या सभेत त्यांनी उठून सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून बाळूंना मिळावयास हवा होता. सत्कारमूर्तीनेच असे बोलावे, यावरून बाळूंवरील अन्याय संघात कोणापासून लपलेला नव्हता, हे उघड होते.

१९२० साली हा प्रश्न हातघाईवर आला. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत पै आजारी असल्यामुळे पहिल्या सामन्यासाठी कप्तानपद दि. ब. देवधरांकडे देण्यात आले, आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. देवधर मोठे फलंदाज होते यात शंका नाही. तथापि अनुभवाने ते पालवणकर बंधूंच्या मागचे. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. जात पाहून अधिकाराचे पद नाकारले जाते, हा आमच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे, असा त्यांच्या जाहीर निवेदनाचा आशय होता. महात्मा गांधी त्याच काळात अस्पृश्यता हे पाप आहे असे देशभर सांगत होते, आणि मुंबईचे लोकमतही भावांच्या बाजूने उभे राहिले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोघे भाऊ परत आले, आणि बाळूंना उपकप्तान करण्यात आले. सामना चालू असता पै मैदान सोडून बाहेर गेले, आणि त्या वेळापुरते हिंदू संघाचे नेतृत्व बाळू पालवणकर यांनी केले. चाळिशी ओलांडलेल्या त्या गोलंदाजाच्या वाट्याला आलेले कप्तानपद ते एवढेच.

पण दार उघडले होते. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले, आणि त्या वर्षी त्यांनी युरोपियनांना हरवून चौरंगी सामन्यांचे विजेतेपद मिळवून दिले. विठ्ठलरावांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. थोरल्या भावाला जे मिळाले नाही ते धाकट्याला मिळाले. त्यासाठी भावांना एकदा खेळण्यास नकार द्यावा लागला.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत ते होते. दलितांच्या हिताचा मार्ग कोणता याविषयी त्यांचे आणि डॉ. आंबेडकरांचे मतभेद होते, आणि १९३७ साली मुंबईच्या विधानसभा निवडणुकीत ते काँग्रेसच्या बाजूने डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. सुमारे दोन हजार मतांनी डॉ. आंबेडकर निवडून आले. एकाने दुसऱ्याचे मानपत्र लिहावे आणि पंचवीस वर्षांनी दोघांनी समोरासमोर उभे राहावे, हा काळाचा खेळ होय. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

असे इतर देशांत झाले नाही, असे कोणी समजू नये. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या गोलंदाजासारखा त्यातही एक चेंडूफेक्या असतो. तेथे १८६९ साली सिनसिनाटीच्या संघाने उघडपणे पगारी खेळाडू ठेवले, आणि खेळणे हा एक मानाचा व्यवसाय होऊ लागला. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा निग्रो खेळाडू टोलेडोच्या संघातून वरच्या दर्जाच्या सामन्यांत खेळला. पण थोड्याच वर्षांत गोऱ्या मालकांनी आपसांत न लिहिलेला करार करून काळ्या खेळाडूंना दार बंद केले. ते पुन्हा उघडले १९४७ साली, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघात आला तेव्हा. मधल्या साठ वर्षांत कितीतरी उत्तम चेंडूफेके आपल्या स्वतंत्र संघांतून खेळून म्हातारे झाले. आपल्याकडे बाळूंना संघात जागा मिळाली, कारण त्यांच्यावाचून साहेबांना हरवता येत नव्हते. गरज असेल तेथवर दार उघडावयाचे आणि मानाच्या खुर्चीपाशी ते पुन्हा लावून घ्यावयाचे, ही रीत दोन्ही देशांत सारखीच दिसते.

मी व्यवसायाने शिक्षक आहे. आमच्याकडे चलथाणला उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याकडे दूरदूरच्या गावांहून कामकरी कुटुंबे येतात. त्यांची मुले मोकळ्या जागेत खेळताना आपण सर्वजण पाहतो. मुलांचा खेळ पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. चेंडू कोणी आणावयाचा, उन्हात दूर कोणी उभे राहावयाचे, आणि आधी फळी कोणी हाती घ्यावयाची, हे मुले सहसा बोलून ठरवीत नाहीत. ते आधीच ठरलेले असते. ज्याची फळी तो फलंदाज. ज्याच्या अंगावर फाटका सदरा तो गोलंदाज. पूना क्लबच्या जाळ्यातली वाटणी अशी अजून आपल्या गल्लीत जिवंत आहे. ती मुलांनी मनाने काढलेली नाही. वडील माणसांकडे पाहूनच ती ती शिकली आहेत.

म्हणून पालकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती आहे. संघ निवडताना गुण पाहावा, हे आपण सर्वच मान्य करतो, आणि बहुतेक वेळा तसे करतोही. कप्तान, वर्गनायक, प्रमुख असा कोणी नेमावयाचा झाला म्हणजे मात्र आपली नजर नकळत ओळखीच्या घरांकडे वळते. ज्या मुलाकडून आपण वर्षभर कष्टाचे काम घेतले, त्याला अधिकाराची जागा देण्याचा विचार आपल्या मनात आला होता काय, हे त्या वेळी स्वतःस विचारून पाहावे. बाळू पालवणकर यांना हा मान लाभला तो एका सामन्यात, काही वेळापुरता, तोही दुसरा माणूस आपण होऊन मैदानाबाहेर गेला म्हणून. आपल्या शाळेतील मुलाला तो वेळेवर आणि सर्वांदेखत मिळावा, एवढे करणे आपल्या हाती आहे.